साक्षीला काकू हव्या होत्या

मंडीदीपला आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये मालाची सहामाही मोजणी चालू होती, तेव्हा कुंदाकाकूंच्या मिलिंदचा फोन आला. "आई गेली. सकाळी चहा घेता घेता." मी किल्ल्या सहकाऱ्याकडे दिल्या आणि निघाले. रडू आलं नाही. भोपाळपर्यंत डोक्यात एकच गोष्ट होती. काकूंनी मला एक काम सांगितलं होतं आणि मी त्यांना "दिवाळीनंतर बघू" म्हटलं होतं. दिवाळी अजून नऊ दिवसांवर होती.

कुंदाकाकू भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्या नागपूरच्या. काका कारखान्यात फोरमन, माझे बाबा ड्रॉइंग ऑफिसात. मुलींचा टेबल टेनिसचा संघ बाहेरगावी जायचा तेव्हा सोबत एक बाई हवी असे, आणि इतर आयांना घर सुटायचं नाही म्हणून दरवेळी काकूच यायच्या. त्यांना खेळातलं काही कळत नसे. आम्ही हरत असलो तरी टाळ्या वाजवायच्या. मी तेरा वर्षांची असताना आमच्या खेळाच्या सरांनी टाउनशिपच्या क्लबमधल्या सामानाच्या खोलीत, ग्रिप दाखवतो म्हणून, मला नको तिथे हात लावला. एकदा नाही, तो सगळा हिवाळा. आईला सांगितलं असतं तर ती आधी रडली असती आणि मग मलाच तिची समजूत घालावी लागली असती. म्हणून मी काकूंकडे गेले. त्या मटार सोलत होत्या. मी काय ते चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझं काहीच चुकलं नाही, पोरी. जेवलीस का?" खरं आहे का, नक्की का, असं एकदाही विचारलं नाही. हे मी आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल घाईने मत बनवू नये.

सर आमच्यातलेच होते. मराठी मंडळाचे चिटणीस, गणपतीत नाटक बसवणारे, कुणाकडे मयत झालं तर आधी धावणारे. काकूंनी काकांना सांगितलं, काकांनी बाबांना, आणि चार मोठी माणसं मंडळाच्या अध्यक्षांच्या बैठकीत बसली. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे काकूंनीच सांगितलं. "पोलिसात गेलो तर उद्या सगळी टाउनशिप म्हणेल, मराठी लोगों का देखो! मुलीचं नाव होईल ते वेगळंच." तेव्हा ठरलं की सरांनी स्वतःच बदली मागायची, दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. त्यांनी मागितली आणि दोन महिन्यांत मिळालीही. काकूंना वाटलं, सुटलो.

पण आमच्याकडे कुणीही निरोप समारंभाशिवाय जात नसे. समारंभ केला नसता तर लोकांनी कारण विचारलं असतं. म्हणून शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. काकूंनी श्रीखंड केलं. शेवटी संघातल्या मुलींनी एकेक करून सरांच्या पाया पडायचं होतं. माझा नंबर आला आणि मी नुसती उभी राहिले. मागून काकूंचा हात पाठीवर आला. "वाक गं, लोक बघताहेत..." मी वाकले. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खेळ सोडू नकोस हं." दुसऱ्या दिवसापासून मी बॅट धरली नाही.

सहा-सात वर्षं गेली. एकदा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात काकूंना एक बाई भेटल्या. नवऱ्याची बदली होऊन नुकत्याच आलेल्या, सर गेले होते त्याच टाउनशिपमधून. मराठी ऐकून बोलत्या झाल्या. सरांचा विषय निघाला तशा हळूच म्हणाल्या, "आमची धाकटी त्यांच्याकडे शिकायची. आता हॉलचं नाव काढलं तरी अंथरुणात लघवी करते. कशाने, काही कळत नाही हो..." काकूंना कळलं. रिकामी पिशवी घेऊन त्या घरी आल्या आणि आमच्या ओट्यावर बसल्या. "मी त्याला श्रीखंड खाऊ घालून तिकडे पाठवला," म्हणाल्या. मी त्या मुलीचं नाव विचारलं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं, आणि ती बाई पुन्हा बाजारात दिसली नाही.

त्यानंतर काकू रोज संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये जाऊन बसू लागल्या. जवळजवळ पंचवीस वर्षं. सामानाच्या खोलीचं दार त्यांनी बिजागऱ्यांसकट काढायला लावलं. शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "एकट्या बच्चे को लेके कुठे नहीं जाने का." त्यांची हिंदी शेवटपर्यंत अशीच राहिली. एका तरुण कोचने चिडून विचारलं, "आंटी, हम पर शक है क्या?" काकू म्हणाल्या, "हां, है. सब पे है. तुम बुरा मत मानो, समोसा खाओ." पोरं हसायची. तो कोच मात्र पुढे स्वतःच पालकांना आत येऊन बसायला सांगू लागला.

आमची शेवटची भेट सप्टेंबरातली. काकूंनी कुणाकुणाला फोन करून सरांचा पत्ता काढला होता. निवृत्त झालेत, सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत खेळ शिकवतात. "अजून शिकवतोय," काकू म्हणाल्या. "तू तक्रार लिही. तू मला सांगितलंस तो दिवस, ती बैठक, सगळं मी सांगते. वाकायला मी लावलं, तेही सांगते." मला इतक्या वर्षांनी ते उकरायचं नव्हतं. म्हणजे, भीती वाटत होती. मी मोजणीचं कारण सांगितलं, दिवाळीचं सांगितलं. त्यांनी आग्रह केला नाही. फक्त म्हणाल्या, "माझं वय बघ, म्हणजे झालं."

तेराव्यानंतर मी महिला पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर बाई माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. शांतपणे सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं. मग विचारलं, "उस समय आपने किसी को बताया था? कोई गवाह?" बैठकीतली चारही माणसं कधीच गेली. मी म्हटलं, "थीं." त्यांनी पेन थांबवलं. मी पुढे म्हटलं, "पिछले महीने तक थीं." तक्रार दाखल झाली आहे. तिकडच्या पोलिसांकडे कागद गेले आहेत. त्या सोसायटीला मी स्वतः पत्र पाठवलं, आणि वर्ग तूर्त बंद केल्याचं त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. पुढे काय होईल, सांगता येत नाही. काकू असत्या तर...

हल्ली मी कारखान्यातून सुटले की हॉलवर जाते. सहा ते साडेसात. दिसेल त्या बाकावर बसते, बरोबर मोजणीचे कागद नेते. परवा एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पाणी प्यायला आली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आंटी, आप किसकी मम्मी हो?"

"किसी की नहीं."

"तो रोज़ क्यों आती हो?"

मी म्हटलं, "तेरा गेम देखने." तिने मान डोलावली, बाटलीचं झाकण लावलं आणि टेबलाकडे पळाली.