गनीभाईंची लिलावातली गाडी

गनीभाई नगरजवळच्या भिंगारला आमच्या घरासमोर राहायचे. त्यांच्याबद्दल पहिल्यांदा सांगायची गोष्ट म्हणजे ते भित्रे होते. हे मी त्यांना हिणवायला लिहीत नाही. ते स्वतःच मला चारचौघांत सांगायचे.

"मी लई भितो, सूर्यभानभाऊ. म्हणून तर माझ्या हातचा नट कधी ढिला सापडायचा न्हाई."

या भीतीला कारण होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गनीभाई आणि त्यांचा चुलतभाऊ खाजाभाई एका ठेकेदाराच्या गॅरेजात लष्करी गाड्या दुरुस्त करायचे. एका दुपारी उतारावर उभी केलेली एक लॉरी आपोआप निघाली. खाजाभाई भिंतीला टेकून विडी ओढत होता. गनीभाई समोरच होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. खाजाभाई भिंतीशी चिरडला गेला. त्यानंतर चढ-उतार दिसला की त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा. सायकलसुद्धा ते उतारावर हातात धरून चालत न्यायचे.

लढाई संपली, तसं ठेकेदाराचं गॅरेज बंद पडलं. त्याच सुमारास लष्कराच्या जुन्या गाड्यांचे लिलाव सुरू झाले. गॅरेजात गाड्या धुणारा कानिफनाथ हा मढीजवळच्या एका वाडीचा दणकट, हसरा गडी. त्याने आणि गनीभाईंनी मिळून एक छोटा मालट्रक घेतला. पुढे दोघांपुरती केबिन, मागे उघडा हौदा. तो घेतला तेव्हा त्याला बॅटरी नव्हती, एक चाक नव्हतं, हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या आणि बैठकीत उंदरांनी घर केलं होतं.

"गाडी हाय का सापळा?" गल्लीतल्या भागूबाईंनी विचारलं.

"सापळाच हाय, मावशी," कानिफनाथ म्हणाला. "मांस आमी भरनार."

मांस भरायला त्यांना पावसाळा आणि हिवाळा लागला. नवं काही विकत घेण्याची ऐपत नव्हती. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या फोडून हौद्याच्या फळ्या झाल्या. फाटक्या तंबूच्या कापडातून छत निघालं. झिजलेल्या टायरच्या आत दुसऱ्या टायरचा तुकडा बसवला. रेडिएटर ठिबकत होता, त्यात मूठभर हळद टाकली. ती भेगेत जाऊन बसली आणि ठिबकणं थांबलं. या सगळ्याला गनीभाई हसत हसत तयार होत. हसत नसत ते फक्त ब्रेकच्या बाबतीत.

त्या गाडीचा ब्रेक तेलाचा होता. पायाने दांडी दाबली की पंपातल्या रबराच्या वाट्या तेलाला नळीतून पुढे ढकलत आणि चाकं आवळली जात. ब्रेकचं खास तेल तेव्हा बाजारात मिळत नव्हतं. गॅरेजात शिकल्याप्रमाणे गनीभाई एरंडेल आणि स्पिरिट एकत्र करून ते घरीच बनवायचे आणि एका हिरव्या बाटलीत ठेवायचे. रोज सकाळी गाडी काढण्याआधी दांडी दाबून बघायचे. मग खाली उतरून चारही चाकांपाशी वाकायचे. मग पुन्हा वर चढून दांडी दाबायचे.

"वस्ताद, नमाज झाला का ब्रेकचा?" कानिफनाथ विचारायचा.

"झाला. तू हसून घे."

महिनाभर त्यांनी नगरच्या बाजारात भाजीपाला आणि पोती वाहिली. गनीभाई गाडी इतकी हळू चालवायचे की टांगेवाले पुढे जाताना मुद्दाम सलाम करायचे.

पहिली लांबची फेरी ठरली ती मढीच्या यात्रेची. कानिफनाथाची आई लंकाबाई मुलाकडे आली होती, तिला यात्रेसाठी परत जायचं होतं. गनीभाईंच्या बायकोचा, शकिलाभाभींचा, तिथे नवस होता. भाभींच्या माहेरचे लोक मढीच्या देवाला पीर मानत. गनीभाईंची चार वर्षांची मुलगी फरीदाही निघाली. शिवाय गल्लीतली दहा-बारा माणसं. मला गनीभाईंनी आग्रहाने केबिनमध्ये बसवलं.

मढीला जायचं म्हणजे करंजी घाट उतरावा लागतो. गनीभाईंनी तो घाट कधी चालवला नव्हता. आदल्या आठवड्यात ते दोनदा नाही म्हणाले. शेवटी शकिलाभाभी म्हणाल्या, "मग गाडी घेतली कशाला? दारात शोभेला?" तेव्हा तयार झाले.

आदल्या दिवशी सकाळी ते पेट्रोलच्या रांगेत उभं राहायला गेले. जाताना कानिफनाथाला सांगून गेले, "ब्रेकच्या डबीत तेल कमी झालंय, भरून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकचा नमाज झाल्यावर आम्ही निघालो. चांदबीबीचा महाल मागे पडला. हौद्यात बायका गाणी म्हणत होत्या. थोडं पुढे गेल्यावर गनीभाईंच्या कपाळावर आठी आली.

"गाडी जड चाललीय," ते म्हणाले. "कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी."

आणखी काही अंतरावर जळका वास आला. त्यांनी गाडी थांबवली, उतरून चाकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. चारही चाकं तापली होती. पायाखालची दांडी मोकळी असूनही ब्रेक आवळलेले होते.

"असं का व्हावं?" ते स्वतःशीच म्हणाले. चेहरा उतरला होता. "परवा तर नीट होतं."

"वस्ताद, ऊन व्हायच्या आत घाट उतरू," कानिफनाथ हौद्यातून ओरडला. "आईला चक्कर येती."

"गनीभाई, यात्रा संपल्यावर पोचवणार का?" दुसरं कोणीतरी म्हणालं. मागे हशा पिकला.

गनीभाई पाना घेऊन गाडीखाली शिरले आणि चारही चाकांचे ब्रेक सैल करून आले. आता चाकं मोकळी फिरत होती. दांडी दाबून पाहिली. नेहमीपेक्षा खोल गेली, पण शेवटी पकडली.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

त्यांनी मागे पाहिलं. फरीदा लंकाबाईच्या मांडीवर बसून गूळ खात होती. "लोक काय म्हणतील," ते पुटपुटले. मग म्हणाले, "दुसऱ्या गिअरात हळू उतरू. तुम्ही बोलत राहा माझ्याशी."

घाटाच्या तोंडाशी आलो. मी काय बोलत होतो ते आज आठवत नाही. बहुधा मी कामाला होतो त्या पेढीवरच्या कुणा माणसाची नक्कल करत होतो. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणाआधी गनीभाईंनी दांडी दाबली आणि त्यांचा पाय तळापर्यंत गेला.

त्यांनी पाय उचलून पुन्हा दाबली. पुन्हा तळ. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा ती वरही आली नाही.

मी बोलायचा थांबलो.

"ब्रेक गेला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला ओठांवरून समजलं.

इंजिन मोठ्याने कण्हू लागलं. डाव्या हाताला दरी, उजवीकडे डोंगराची कापलेली भिंत. दार उघडून उडी टाकावी असं वाटलं आणि हात दाराकडे गेलाही. पण मागे बायका अजून गात होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी हात मागे घेतला.

"हातब्रेक," गनीभाई म्हणाले. "दोन्ही हातांनी ओढा. सोडू नका."

मी लोखंडी दांडा धरून पाय टेकवून ओढला. गाडी थरथरली, किंचित मंदावली, आणि कातडं जळाल्यासारखा वास आला. मग पुन्हा वेग वाढला. वळण आलं. गनीभाईंनी ते कसं घेतलं मला कळलं नाही. माझे डोळे मिटले होते. मागचं गाणं तुटलं. कोणीतरी किंचाळलं.

डोळे उघडले तर समोर रस्ताभर गाढवं होती. मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिकडे निघालेला एक कळप, त्याबरोबर डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका आणि कडेवरची पोरं. आमच्या गाडीला हॉर्न नव्हता. तो बसवायचा राहून गेला होता.

तेव्हा गनीभाई ओरडले. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. शब्द नव्हतेच. ती नुसती हाळी होती. बायकांनी वळून पाहिलं आणि पोरांना घेऊन कडेला पळाल्या. गाढवं मात्र जागेवरच.

गनीभाईंनी हातातलं स्टिअरिंगचं चाक उजवीकडे वळवलं, डोंगराकडे. गाडीची बाजू दगडी भिंतीला घासली. खडखडाट झाला, पेट्यांच्या फळ्या मोडून उडाल्या. गनीभाई स्टिअरिंग तसंच दाबून धरून होते. पुढचं चाक पावसाच्या पाण्याच्या चरीत उतरलं, गाडी कलली, एक हिसका बसला, आणि थांबली.

मग शकिलाभाभींचा आवाज आला, "फरीदा! फरीदा कुठंय?"

गनीभाईंनी मान वळवली नाही. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मी खाली उडी मारून मागे धावलो. हौद्यात माणसांचा आणि गाठोड्यांचा ढीग झाला होता. लंकाबाई पालथी पडली होती. तिला उचललं तर तिच्या छातीखाली फरीदा होती, तोंडात गूळ तसाच. ती इतकी घाबरली होती की रडतही नव्हती.

"हाय!" मी ओरडलो. "पोरगी हाय, गनीभाई! सगळे हाईत!"

लंकाबाईचं मनगट मुरगळलं होतं, दोघांची डोकी फुटली होती. त्याहून जास्त काही नव्हतं. गनीभाईंच्या हातांची बोटं चाकावरून सुटेनात. मी आणि शकिलाभाभींनी ती एकेक करून सोडवली. खाली उतरल्यावर ते भिंतीकडे तोंड करून ओकले.

मग तोंड पुसून त्यांनी ब्रेकच्या डबीचं झाकण काढलं. बोट बुडवून नाकाशी नेलं. बोट काळं झालं होतं.

"यात मोबिल कोणी घातलं?"

मोबिल म्हणजे इंजिनात घालायचं काळं तेल. ते लागलं की ब्रेकचं रबर फुगतं, मऊ पडतं. आधी ब्रेक आवळून बसतात, नंतर धरतच नाहीत.

कानिफनाथ पुढे आला. कपाळावरून रक्त ओघळत होतं. "म्या, वस्ताद."

"बाटली दिसली न्हाई तुला? हिरवी?"

"दिसली. पर त्यात एरंडेल हुतं." तो खाली बघत म्हणाला. "मढीच्या देवाला यात्रेचं तेल लागलंय. आमच्या घरात यात्रेपत्तोर तेलाला हात लावायचा न्हाई. तळन न्हाई, गादी न्हाई, दाढी न्हाई."

खरंच, त्याची दाढी महिनाभराची वाढली होती. आम्ही रोज बघत होतो.

"आन् मोबिल? ते तेल न्हाई?"

"ते घान्याचं न्हाई ना. इलायती. ते काय दिव्यात घालत्यात व्हय? म्या म्हनलं, यंत्राचंच हाय, यंत्राला चालंल."

लंकाबाई उठली आणि तिने धड हाताने त्याच्या कानफटात मारली. "मुडद्या! तेलाला शिवू नको म्हनले व्हते. मानसं मार म्हनले व्हते का? श्येजारच्या पोराला भरायला सांगता आलं न्हाई?"

"तूच म्हनलीस, नेम कुनाला सांगत फिरायचा न्हाई म्हनून!"

एक-दोघे बाह्या सरसावून कानिफनाथाकडे निघाले होते. गनीभाई मध्ये उभे राहिले.

"ब्रेक मी सैल केले," ते म्हणाले. "गाडी सांगत होती, थांब. मी लोकांच्या हसण्याला भ्यालो. आता गाडी खाली न्यायची, का मारामारी करायची?"

मागून आलेल्या दोन बैलगाड्यांच्या जोड्या सोडून घेतल्या. जड गाडा घाटातून उतरवताना मागे बैल बांधतात, ते उलटा रेटा धरून उतार सांभाळतात. तसे चार बैल ट्रकच्या मागे बांधले आणि आधी गाडी चरीतून मागे ओढून काढली. गाढववाल्यांनी मोठाले दगड घेतले, चाकांपुढे टाकायला. आता कोणीतरी आत बसून चाक धरायला हवं होतं.

"मी बसतो, वस्ताद," कानिफनाथ म्हणाला. "चूक मपली हाय."

"तुला चालवता येत न्हाई. तू दोर धर."

गनीभाईंनी पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. शकिलाभाभी जवळ जायला निघाल्या तर त्यांनी हाताने लांब केलं. "फरीदाला घेऊन डोंगराच्या बाजूनं चाला. माझ्या पुढं कोणी येऊ नका." मग ते आत बसले. घाट संपेपर्यंत बैलांच्या खुरांचे आवाज आणि आत चाललेलं त्यांचं दुवा पुटपुटणं आम्हाला ऐकू येत होतं. पायथ्याशी पोचल्यावर ते बराच वेळ उतरले नाहीत.

ती गाडी दुरुस्त झाली आणि पुढे बरीच वर्षं चालली. कानिफनाथ भागीदार राहिला. तेल मात्र गनीभाई स्वतः भरू लागले, आणि करंजी घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करून सगळ्यांना उतरवायचे. घाट चालत उतरायचा, खाली पुन्हा बसायचं. म्हातारी असो, पैसेवाला असो.

एकदा तिसगावचे एक आप्पासाहेब उतरेनात. "ब्रेक चांगला हाय ना?"

"चांगला हाय."

"मग?"

"मी भितो," गनीभाई म्हणाले.

"आन् आम्ही तुमच्या भीतीपायी उन्हात चालायचं?"

"व्हय."

आप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे सगळे उतरून कडेला उभे होते. मग त्यांनीही धोतर सावरलं आणि खाली उतरले. गनीभाईंनी तळहात सदऱ्याला पुसले, आत बसले आणि आमच्यापुढे रिकामी गाडी हळूहळू घाटात घातली.