सतरावं झाड

वृंदाच्या गादीखाली रान होतं. खरवईच्या दोन खोल्यांत झाडपाला वाळवायला दुसरी जागा नव्हती. बारवी धरणाकडून आणलेल्या फांद्या ती उल्हासनगरच्या रद्दीतल्या सिंधी वर्तमानपत्रांत दाबून गादीखाली ठेवायची आणि वर स्वतः झोपायची. स्वप्नंही तिला हिरवी पडत. सकाळी शाळेत यायची ती अर्धी रानातच. हजेरी घेताना मधेच पेन थांबायचं. मी हसायची, पण मनातून हेवा वाटायचा.

आम्ही दोघी बदलापूरला एकाच शाळेत शिकवत होतो. रानातल्या औषधी झाडांवर तिची पीएचडी चालली होती, आणि ती झाली की कॉलेजातली नोकरी जवळपास ठरलेली होती. घोडं अडलं होतं गाइडपाशी. दिनानाथ सरांना तिने ८९च्या जुलैत पहिलं प्रकरण दिलं, त्याला अकरा महिने झाले. विचारलं की सर खिडकीबाहेर बघत म्हणत, "वाचतोय." दुसऱ्या कॉलेजातल्या अंजना मॅडमनी तेच प्रकरण दोन दिवसांत वाचलं. "उत्तम. माझ्याकडे ये, वर्षात डिग्री." फक्त सरांची ना-हरकत सही हवी होती.

"जा की मग! त्या ध्यानस्थ माणसापायी म्हातारी होशील," मी म्हटलं. अर्जही मीच लिहून दिला.

अर्ज पर्समध्ये घेऊन ती तीन आठवडे फिरली. शेवटी धरणापलीकडच्या वाडीत बारकूकडे गेली. सगळी झाडं तिला त्यानेच दाखवलेली. दुपार ढगाळ होती, पाण्यावर धुकं उतरलं होतं, आणि ओट्यावर चहा पिता पिता तिचे डोळे मिटत होते.

"झाडं मी दावतो. मंग तुमचा सर काय करतो?" बारकूने विचारलं.

"सही करतात."

"मंग सही दुसऱ्याची घ्या. त्यात काय एवढा!" मग तो म्हणाला, "एक म्हातारा पन येतो रविवारी. तुमचीच यादी घेऊन. झाडापाशीच नाव इचारतो. तिथं नाव घेतला का गुन जातो, म्हाइत नाय त्याला."

वृंदाची झोप उडाली. रानात ती झाडांना फक्त नंबर बांधायची; नावं आणि उपयोग बारकू घरी येऊन, ओट्यावर, क्रमाने सांगायचा.

"बारकू, सगळी सांगितलीस ना?"

"एक नाय. ती घरातली इद्या. बाहेर सांगत नाय."

ते सतरावं होतं. बारकू ते मुकाट गाळून पुढे गेला होता आणि तिथून पुढची सगळी नावं एकेक घर सरकली होती. शेवटच्या झाडाला नाव उरलं नाही, तेव्हा बारकू विसरला असेल म्हणून तिने ती जागा कोरी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. प्रकरण सरांच्या पेन्सिलीच्या खुणांनी भरलं होतं. "मुलांच्या खोकल्यावर तू विषारी मुळी लिहिलीयेस, वृंदा. चूक कुठे झाली ते कळत नव्हतं. दर रविवारी वाडीत जाऊन विचारत होतो. खात्री करून सांगावं म्हटलं."

"अकरा महिने, सर? मला एक शब्द सांगायचात!" ती रडलीच.

"हो. ते माझं चुकलंच." अंजना मॅडमचं तिच्या तोंडून निघालं, तसा त्यांनी अर्ज मागून घेतला, सही केली. "मला वेळ लागतो. तू जा."

हे सगळं तिने मला शाळेत सांगितलं. "मग गेलीस?" मी विचारलं. तिने अर्ज दाखवला. मागच्या कोऱ्या बाजूवर सरांच्याच टेबलाशी बसून तिने यादी नव्याने मांडली होती.

ती नोकरी दुसरीला मिळाली. वृंदा दोन दिवस नीट जेवली नाही. पीएचडी पुढे सरांकडेच ९५ साली झाली. मॅडमचं वर्ष आणि माझा सुबक अर्ज आठवला की आजही अंगावर काटा येतो. तिने माझं ऐकलं असतं, तर तसाच छापलेला तिचा प्रबंध वाचून कुणीतरी खोकणाऱ्या पोराला ती मुळी उगाळून दिली असती.