मामा लागते

आमच्याकडे आईच्या माहेरचा प्रत्येक बाप्या मामा लागतो. तिथला न्हावी मामा, तिथला कोतवाल मामा, देवळातला पुजारीही मामाच. हे कोणी शिकवत नाही. दूधपिता पोरगाही ते जाणतो. सरकारी हापिसात मात्र मामा या शब्दाचा भाव वेगळा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी जे रामायण झालं ते सांगतो.

आम्ही मार्कंड्याच्या अलीकडचे ढिवर. बाप वैनगंगेत जाळं टाकायचा. मी मॅट्रिक झालो तेव्हा बापानं माझं जाळं काढून घेतलं आणि म्हणाला, "आता खुर्चीवर बस. माह्यासारखा पान्यात कुजू नोको." आमच्या मोहल्ल्यात खुर्ची कोणाच्याच घरी नव्हती. म्हणजे बापाचा सगळा जीव माझ्या नोकरीवर टांगलेला होता, आणि माझा बापाच्या शब्दावर.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. आलापल्लीला जंगलखात्याच्या लाकूड डेपोत कारकुनाची एक जागा निघाली. मुलाखतीला गेलो तर विश्रामगृहाच्या ओट्यावर पोरांची ही गर्दी! कोणाच्या डोक्याला चमेलीचं तेल, कोणाच्या पायात चांद्याहून आणलेला बूट. दारावरचा पट्टेवाला एकेकाला विचारत होता, "कोनाचा?"

एक म्हणाला, तहसीलदार साहेबाचा साळा. दुसरा म्हणाला, वकील साहेबाचा पुतण्या. त्यांना सावलीत बाक मिळाला. माझ्या पुढचा पोरगा थेट धानोऱ्याकडून पायी आलेला, शाळेत पहिला. त्यानं बापाचं नाव सांगितलं, तर त्याला उन्हात उभं केलं. मीही बापाचंच नाव सांगितलं.

"ते नाई बे," पट्टेवाला वैतागला. "साहेब लोकाइत तुयं कोन आहे?"

आता खोटं कशाला बोलू? मोठे साहेब चामोर्शीकडच्या मालगुजाराचे चिरंजीव, आणि माझ्या आईचं माहेर तेच गाव. माझा आजा त्यांच्या वाड्यावर मासे पोचवायचा. मी सरळ म्हटलं, "मोठे साहेब माहे मामा लागते."

बाप्पा! पट्टेवाल्यानं स्वतःचं स्टूल दिलं. चहा आला, तोही बशीसकट. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत जंगलखात्यात!

आत तीन साहेब. धानोऱ्याच्या पोराला त्यांनी इंग्रजीत असं काही विचारलं होतं की तो घाम पुसतच बाहेर आला. मला बाजूच्या साहेबानं विचारलं, "सागाचं पान मोठं की चिंचेचं?"

"सागाचं जी."

"वा! हुशार आहे मुलगा," दुसरा म्हणाला, आणि दोघंही मोठ्या साहेबांकडे बघून हसले. मोठ्या साहेबांना वाटलं, हा या दोघांपैकी कोणाचा तरी माणूस. एकमेकांच्या माणसाला आडवं जायचं नाही, हा तिथला शिष्टाचार. त्यांनीही मान हलवली. झालो कारकून.

हेडक्लार्क मला 'अहो' म्हणू लागला. काम मी नीट करायचो, पण नसतं केलं तरी चाललं असतं. मी चुकीची बेरीज केली तर तो बेरजेलाच दोष द्यायचा. मी भाबडा, मला वाटे खुर्चीचाच हा मान असावा.

घरी गेलो तेव्हा आईला सांगितलं, की मोठे साहेब तुझ्या माहेरचे. तिचे डोळे भरून आले. "माह्या भावानं पोराले लावलं," म्हणत ती मोहल्लाभर फिरली. आणि भाऊबीजेला, कोणाला न विचारता, लाकडाच्या ट्रकवर बसून ती आलापल्लीला येऊन थडकली. हातात ताट, कुंकवाचा करंडा आणि नव्या धानाचे पोहे. मी म्हटलं, चला, मामाला आनंद होईल.

बंगल्याच्या ओसरीवर मंडळी फराळाला बसली होती. साहेबांच्या डावीकडे त्यांचा जावई, तो तिथलाच रेंजर. उजवीकडे साळा, तो त्याच डेपोचा स्टोअरकीपर. आईनं पदर सावरला आणि म्हणाली, "भाऊ, पाटावर बसा. ओवाळतो."

साहेबांनी विचारलं, "ही कोण बाई?"

हेडक्लार्क कौतुकानं पुढे झाला. "साहेब, आपल्या भगिनी!"

"मला बहीण नाही," साहेब म्हणाले.

ओसरीवर कोणाच्या दाताखाली चकली वाजली तेवढीच. मग सगळा उलगडा झाला. मी गावनातं समजावून सांगायला गेलो, तर साहेब कडाडले, "नातं सांगून सरकारी नोकरी मिळवता? लाज वाटत नाही? इथे फक्त लायकी बघतात!" जावयानं मान डोलावली. साळ्यानंही डोलावली. मला त्या क्षणी त्या दोन्ही माना धरून एकमेकींवर आपटाव्याशा वाटल्या. आजही वाटतात.

पट्टेवाल्यानं पोह्यांचं गाठोडं उचलून फाटकाबाहेर ठेवलं. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. भाचा होतो म्हणून नव्हे, नव्हतो म्हणून! माझ्या जागी मेमसाहेबांचा भाचा आला. मॅट्रिक नापास, पण नात्यानं अस्सल.

 परतताना आईनं एवढंच विचारलं, "माहं काही चुकलं का रे? कुंकू लावू तं द्याचं होतं." बापानं माझं जाळं खुंटीवरून काढून दिलं. त्याचा मला फार राग आला, आणि रडूही आलं.

पुढे साहेब पेन्शनीत गेले. जावयानं नोकरी सोडली आणि निवडणुकीला उभा राहिला. तो निवडून आलाच, ते काही नवल नाही. पण त्याआधी एकदा त्यांची जीप आमच्या मोहल्ल्यात आली. आई ओट्यावर फाटलं जाळं विणत होती. साहेब खाली उतरले, चक्क हात जोडले आणि आमच्या बोलीत म्हणाले, "बाई, तू तं आमच्या गावची लेक. मी तुहा भाऊ लागतो. जावयाले मत देशीन ना?"

आईनं जाळ्यातली गाठ आवळली, दोरा दातानं तोडला.

"कोनाचा भाऊ जी?" ती म्हणाली. "मले तं भाऊच नाई."