चार नंबर की सहा नंबर

माझं शेवटचं पोस्टिंग डोंगराळ भागात, बॉम्ब निकामी करणाऱ्या तुकडीत होतं. मी हवालदार, काम बॅटऱ्यांचं. आमच्याकडं रिमोटवर चालणारा रोबोट होता. संशयास्पद वस्तूपाशी माणसाऐवजी तो जायचा. त्याच्या सहा बॅटऱ्या, प्रत्येकीवर नंबराची पट्टी. बॅटरीसोबतच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं: पडून राहणारी बॅटरी निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवा. भरून ठेवली तर आतून खराब होते, आणि मीटर मात्र फुल दाखवतो.

पण इन्स्पेक्शन आलं.

"हवालदार, ये आधा क्यों है?" सुभेदार साहेब.

"साब, किताब में लिखा है."

"फौज में आधा कुछ नहीं होता. सब फुल करो."

केल्या फुल. इन्स्पेक्शन दोनदा पुढं गेलं. ऐन उन्हाळ्यात, पत्र्याच्या स्टोअरमध्ये त्या तीन आठवडे तशाच. फक्त चार नंबर मी गुपचूप निम्म्यावर ठेवली होती. रोबोट चालवणारा नाईक सलीम हसायचा. तो सोलापूर शहरातला, मी सांगोल्याचा, म्हणून आमचं जमायचं.

"बापू, लेकराला बी कोण एवढं जपत न्हाय की!"

एका सकाळी ९.४० ला कॉल आला. पुलाखाली पिशवी, पलीकडं गाड्या अडकलेल्या. मी चार आणि सहा नंबर उचलल्या. चार नंबर गाडीतच चार्जिंगला लावली. ती भरायला वेळ लागणार होता, साहेब घाई करत होते, आणि सहा तर फुल होतीच. १०.२० ला रोबोटमध्ये चार नंबर बसवली, असं रजिस्टर सांगतं. अक्षर माझंच आहे. पण डोळे मिटले की मला सहाची पट्टी दिसते. काय खरं धरायचं?

११.०५ ला रोबोट पिशवीपासून हातभर अंतरावर थांबला. सलीमनं वायरलेसवर कळवलं.

"कंट्रोल, रोबोट डेड. ओव्हर."

"सिग्नल या बॅटरी? ओव्हर."

"मालूम नहीं. ओव्हर."

सलीम स्फोटापासून बचावाचा जाड सूट चढवू लागला. मी म्हणालो, "बॅटरी माझी हाय, मी जातो."

"येडा झाला का? तू हितंच थांब."

स्पेअर बॅटरी घेऊन तो गेला. ११.२५ ला स्फोट झाला. सलीम गेला. दोन्ही बॅटऱ्यांचा पत्ता लागला नाही. चौकशीत लिहिलं, रोबोट बंद पडण्याचं कारण अनिश्चित. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

आता रिटायर होऊन सोलापुरातच, जुळे सोलापूर भागात राहतो. सलीमच्या आई याच शहरात असतात, तरी दोन वर्षं तिकडं जायची माझी छाती झाली नाही. मध्यंतरी एका दुपारी गेलो. त्यांनी पाणी दिलं. ग्लास हातात धरूनच बोललो.

"अम्मी, बॅटरी मी लावली होती. बहुतेक चुकीची लावली."

"बहुतेक?"

"व्हय. काय केल्या नक्की आठवत न्हाय."

अम्मी चिडल्या. "नक्की न्हाय, तर मला कशाला सांगतोस? माझं पोरगं गेलं, तेवढं नक्की हाय."

मी उठलो.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "जेवून जा."

मी जेवलो. सलीम अठ्ठावीस वर्षांचा होता.