बाहेर गेलेल्या चार नळ्या

नळीकाकांना विद्यापीठात कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं ऐकिवात नाही. प्रयोगशाळेतलं त्यांचं काम एकच: दर महिन्याला बर्नरच्या ज्योतीशी बसायचं, जुन्या काचनळीतले जिवाणू तारेच्या टोकानं नव्या नळीत उतरवायचे, कापसाचा बोळा लावायचा, तारीख टाकायची. सत्तावीस वर्षं हेच. बायको म्हणायची, "घरातली दोन झाडं पाण्यावाचून वाळवलीत, आणि तिकडे जंतू जगवताय!"

तेच जिवाणू थंड पाण्यातसुद्धा तेलाचे डाग काढतात, हे विभागातल्या सरांनी शोधलं आणि साबणाची कंपनी धावत आली. करार झाला की प्रयोगशाळेला नवी यंत्रं, आणि महिनाअखेर निवृत्त होणाऱ्या काकांना आणखी तीन वर्षं. काकांना दुसरं हवं होतं काय? घरी बसायचा नुसता विचारही त्यांना नकोसा व्हायचा.

सह्यांच्या दिवशी कंपनीच्या वकीलबाईंनी विचारलं, "हे जिवाणू बाहेर कुणाला दिलेत का? ते फक्त आमच्याकडेच असायला हवेत."

"छे छे, कुणालाच नाही," सर म्हणाले.

आता आली का पंचाईत! प्रयोगशाळांची रीतच अशी, की एखाद्याचे जिवाणू मेले तर त्यानं दुसरीकडे नळी मागायची आणि समोरच्यानं ती द्यायची. करारबिरार कोण करतो? काका घुटमळले, तीन वर्षं डोळ्यांसमोरून गेली, पण खोटं काही जिभेवर येईना.

"दिलेत बाई. चार नळ्या."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग करार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि त्या गेल्या.

"केलीत ना माती!" सर भडकले. "गप्प बसायला काय झालं होतं? कुणावर एवढे उपकार करायला गेला होतात?"

काकांना फार वाईट वाटलं. त्यांनी कपाटातून बाहेर दिलेल्या नळ्यांची जुनी वही काढून सरांपुढे ठेवली. तिसरी नळी नेणाऱ्याची सही सरांचीच होती. तेव्हा ते दुसऱ्या कॉलेजात पीएच.डी. करत होते, आणि प्रबंधाला दोन महिने उरले असताना त्यांच्या सगळ्या नळ्यांना बुरशी लागली होती. आपणही कधीकाळी इथे बाहेरचेच होतो, हे सरांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

वही मिटून सर म्हणाले, "तुम्ही तेव्हा मला काहीच विचारलं नव्हतंत, काका."

"विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले. "रडत होतात तुम्ही."