हौदातली रंगीत तालीम

कमरीपेठेतल्या आमच्या घरी पिण्याच्या पाण्याचा हौद होता आणि त्यात उतरलेला आजवरचा एकमेव माणूस मी आहे.

त्याचं असं झालं. कारवारचा माझा मेहुणा, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, दिवाळीला येताना काचेचा मोठा चष्मा आणि तोंडात धरायची नळी घेऊन आला. हे चढवून समुद्राच्या पाण्यावर पालथं पडायचं, नळीतून श्वास घ्यायचा आणि खालचे रंगीत मासे बघायचे!

"कारवारला एका दिवसात जाऊन येणं होतंय की!" मी जाहीर केलं. रविवारची मॅटाडोर गाडी ठरली. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि बायकोला मी आजवर शेंगतेलाच्या डब्यांपलीकडे काही दाखवलं नव्हतं (आमचं तेलाचं दुकान). हे मासे तिला मीच दाखवणार, असं मी गल्लीभर सांगून बसलो होतो. अडचण एकच, मला पोहता येत नव्हतं.

"घरीच तालीम कर की," माझी थोरली बहीण, अक्का म्हणाली. "आणि खारं पाणी अंगाला खातंय बघ. तेल चोळून उतर."

आमच्या घरात तेलाला नाही कोण म्हणणार? शनिवारी दुपारी तांब्याभर शेंगतेल अंगाला चोळून मी हौदात शिरलो. सुरुवात झकास झाली. तळाशी पडलेला पेलाही दिसला! मग नळीत पाणी गेलं. पाणी छातीएवढंच, पण तेलानं पाय ठरेनात.

"अय्यो, एनात? काय झालं? कोण रे हौदात?" वडील, म्हणजे अप्पा, धावत आले.

"मी... मासे..."

"प्यायच्या पाण्यात मासे?"

त्यांनी माझा हात धरला, सटकला. दंड धरला, तोही सटकला. दर वेळी मी पुन्हा आत! शेवटी बायकोनं पंचा टाकला, त्याला लोंबकळत मी बाहेर आलो. पाण्यावर तेलाचा जाड तवंग होता. सगळा हौद उपसावा लागला.

आमचा नळ चार-पाच दिवसांनी एकदा यायचा, आणि कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं.

"उद्या नळ आला तर भरायला कोण थांबतंय?" अक्कानं विचारलं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

पहाटे मॅटाडोर निघाली, तेव्हा मला खरंच रडू येत होतं. मी हौदाच्या कट्ट्यावर उशी घेऊन बसलो.

रात्री मंडळी परतली. अप्पांनीसुद्धा पालथं पडून मासे बघितले होते! बायको तर हातवारे करत सुटली होती. "निळे काय, पिवळे काय! तुम्हाला कसं सांगू!"

"ते असू दे," अप्पा म्हणाले. "हौद भरला न्हवं?"

"नळ येऊन गेला म्हणे," मी डोळे चोळत म्हणालो.