टाकीतलं डिझेल कोणाचं

काकांनी त्या कंपनीचा विषय पहिल्यांदा आमच्या अंगणात काढला, तेव्हा बाबांना राजूरच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन महिनाही झाला नव्हता. फंडाचे पैसे बँकेत आले होते, आणि बाबा अजून शिफ्टच्या वेळेला उठून बसत होते.

"जयभीम, दादा," काका खाटेवर टेकत म्हणाले. "विमानाचे पार्ट बनवते कंपनी. मिसाइलचेबी. गिऱ्हाईक कोन? सरकार! सारा फंड लाव त्यात."

"मले काय समजते?" बाबा म्हणाले. "या पोट्ट्याले इचार. त्याच्यासाठीच तं शिकवला."

शिकवला होता तो काकांनीच. वणीच्या कॉलेजातली माझी फी त्यांच्या ट्रकच्या भाड्यातून भरली गेली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आज यवतमाळला एका ऑफिसात मी हिशेबाचं काम करतो, ते त्या ट्रकमुळे. अशा माणसावर संशय घेताना जीभ जड होते.

तरी संशय येत होताच. फंड जमा झाल्यापासून काका वरचेवर येऊ लागले होते, असं आई सांगायची. सुट्टीत मी घरी असलो आणि अंगणात आलो, की दोघांचं बोलणं एकदम पावसापाण्यावर जायचं. शिवाय त्यांच्या दारासमोरचा ट्रक बरेच दिवस दिसत नव्हता. विचारलं तर म्हणाले, "बॉडीचं काम चालू हाय." मला वाटलं, कोणीतरी यांना कमिशन कबूल केलं असावं.

त्यांनी मोबाईलवर आलेला मेसेज मला दाखवला. कर्ज जवळपास नाही, रोकड भरपूर, कंपनी मातीमोल भावात.

मी कॉलेजात शिकलो होतो, की नुसत्या शेअरच्या भावावरून कंपनी स्वस्त की महाग ते ठरत नाही. सगळ्या शेअरची बाजारातली किंमत धरायची, तिच्यात कर्ज मिळवायचं, कारण कंपनी घेणाऱ्याच्या गळ्यात ते येणारच. मग तिच्याजवळची रोकड वजा करायची, कारण ती त्याच्याच हाती पडणार. उरते ती एंटरप्राइज व्हॅल्यू, म्हणजे अख्खा धंदा खरोखर केवढ्याला पडतो तो आकडा. मी मांडून पाहिलं. कंपनी खरंच स्वस्त निघाली. काकांवर उगाच शंका घेतली, असं वाटून बरंही वाटलं.

पण मग त्या रोकडीचाच संशय येऊ लागला. एकेक ऑर्डर पुरी करायला जिथे वर्षं लागतात, तिथे एवढा पैसा रिकामा कसा पडलाय? कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. मागच्या टिपांमध्ये एक ओळ होती: ग्राहकांकडून मिळालेली आगाऊ रक्कम. रोकडीचा मोठा भाग तोच होता. ऑर्डर देताना सरकारने आधी दिलेला पैसा. माल बनवताना तो खर्च व्हायचा होता.

रविवारी मी दोघांसमोर बसलो.

"काका, तुम्ही पहिला ट्रक घेतला, तेव्हाची टाकी आठवते का?"

बाबा हसले. ती गोष्ट काका स्वतःच लग्नाकार्यात सांगायचे. वणीत ट्रान्सपोर्टवाला गाडीमालकाला पंपावरच्या डिझेलची चिठ्ठी देतो आणि नंतर भाड्यातून ते कापून घेतो. काकांनी जुना ट्रक घेताना गाडीवर फायनान्सचं कर्ज किती, हे नीट विचारलं होतं. टाकी काठोकाठ भरलेली पाहून मात्र ते खूश झाले आणि किंमत वाढवून दिली. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टचा मुनीम दारात उभा. डिझेल त्याच्या चिठ्ठीवरचं, खेपाही त्याच्याच करायच्या होत्या.

"या कंपनीची रोकड तशी आहे," मी म्हणालो. "टाकी भरलेली दिसते, पण डिझेल चिठ्ठीवरचं. मीसुद्धा आधी ते कंपनीचंच धरलं. तेवढं बाजूला काढलं, तर कंपनी स्वस्त राहत नाही."

काका हसले नाहीत. "म्हंजे कंपनी खोटी हाय?"

"नाही. काम खरं आहे, ऑर्डरही खऱ्या आहेत. फक्त मेसेजमध्ये सांगतात तेवढी स्वस्त नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "तुले वाटलं ना, मी कमिशन खाऊन राह्यलो म्हून?"

मी हातातल्या अहवालाची पानं उलटू लागलो.

"मलेबी वाटलंच होतं, हा नाहीच म्हनन. दादाचा पैसा याले यवतमाळात फ्लॅटले पायजे असन."

"झालं का दोघाहीचं?" बाबा म्हणाले. "फंड पोस्टात जाईन. कोनाच्या फ्लॅटात नाही अन् कोनाच्या विमानातबी नाही."

काका उठले. एका पायात चप्पल घातली आणि तसेच थांबले.

"मंग माह्यावाले शेअर ठेवू का इकू?"

"किती घेतलेत?"

"ट्रक गेला तेवढ्याचे."

बाबांनी मान वर केली. "ट्रक इकला? अन् मले सांगितलं नाही?"

"तू बी लावला असता, तं सांगितलं असतं," काका खाली पाहत म्हणाले. "एकट्यानं लावले म्हून झोप लागत नव्हती, दादा."

ठेवा की विका, हे माझ्या आकड्यातून लगेच निघत नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखं बोलायची मला भीती वाटली. मी अहवाल पुन्हा पहिल्या पानावर आणला.

"बसा काका," मी म्हणालो. "घाईनं नको. आपण दोघं मिळून वाचू."

त्यांनी चप्पल काढली.